जुने बेसबॉल कार्ड मूळ आहे की पुनर्मुद्रित, हे कसे ओळखावे

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुले शाळेत बेसबॉल खेळू लागतात, आणि त्या खेळाबरोबर खेळाडूंची चित्रे असलेली छोटी कार्डेही घरात येतात. नव्या कार्डांपासून सुरू झालेला हा छंद जुन्या कार्डांकडे वळला की पहिला खरा प्रश्न समोर येतो. हातातले कार्ड खरोखर १९०९ किंवा १९५२ साली छापलेले आहे, की त्याची अनेक दशकांनंतर काढलेली प्रत आहे? हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये मिकी मँटल या खेळाडूचे १९५२ सालचे टॉप्स कंपनीचे कार्ड लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरांना विकले गेले, आणि त्याच महिन्यात होनस वॅग्नर या खेळाडूच्या, सिगारेटच्या पाकिटातून दिल्या गेलेल्या एका जुन्या कार्डाचा खाजगी व्यवहार साडेबहात्तर लाख डॉलरांना झाला. ज्या कार्डांना अशी किंमत येते, त्यांच्या नकला बाजारात असंख्य असतात, आणि नवख्या माणसाच्या हाती प्रथम पडते ती बहुधा अशी नक्कलच.

ही परीक्षा शिकता येते आणि तिला महागडी उपकरणे लागत नाहीत. पुढे सांगितलेल्या पायऱ्यांमागचे तत्त्व मात्र आधी नीट समजून घ्यावे. मूळ कार्ड तयार करताना छापखान्यातील कारागिरांनी चित्र, अक्षरे आणि चौकट वेगवेगळी तयार केली आणि निरनिराळ्या रंगांच्या शाईने ती एकावर एक छापली. पुनर्मुद्रण करणाऱ्याकडे ती मूळ साधने बहुधा नसतात. तो छापून झालेल्या एका कार्डाचे छायाचित्र किंवा स्कॅन घेतो आणि ते छापतो. मूळ कार्डावर खेळाडूचे चित्र असते, तर नकलेवर कार्डाचे चित्र असते. अक्षरांचे ठिपके होणे, घडीची रेघ शाईची होणे, डाग सपाट असणे, आकार बदलणे या बहुतेक खुणा या एकाच कारणातून निर्माण होतात.

नकलांचे प्रकार

सर्व नकला फसवण्यासाठी केलेल्या नसतात. टॉप्स कंपनीने १९८३ साली आपल्याच १९५२ च्या संचाचे अधिकृत पुनर्मुद्रण केले आणि कार्डाच्या मागच्या बाजूला ते पुनर्मुद्रण असल्याचे स्पष्ट छापले. मूळ संच ४०७ कार्डांचा होता. पाच खेळाडूंची परवानगी न मिळाल्याने पुनर्मुद्रित संचात ४०२ कार्डेच आली. याशिवाय पुस्तकाच्या पानातून छिद्ररेषेवर फाडून घ्यायची कार्डे, संग्रहालयांच्या दुकानांतील स्मृतिचिन्हे आणि जाहिरातीसाठी वाटलेल्या प्रती यांचीही एक मोठी जात आहे. हे सर्व प्रामाणिक माल आहेत. पहिल्या मालकाला ते काय आहे हे ठाऊक असते. पण वीस-तीस वर्षे माळ्यावर राहिल्यावर, कोपरे झिजल्यावर आणि मालक बदलल्यावर तीच प्रत ‘आजोबांच्या काळची’ म्हणून विकली जाते, आणि विकणाऱ्यालाही पुष्कळदा खरे माहीत नसते.

दुसरा प्रकार जाणूनबुजून केलेल्या बनावटीचा. पीट रोझच्या १९६३ सालच्या पहिल्या टॉप्स कार्डाची बनावट १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच बाजारात आली होती. तिसरा प्रकार सर्वांत अवघड, कारण त्यात कार्ड मूळच असते, पण झिजलेल्या कडा कापून, कोपरे रंगवून किंवा डाग पुसून ते मूळपेक्षा अधिक चांगले भासवलेले असते. हा लेख मुख्यतः पहिल्या दोन प्रकारांसाठी आहे. तिसऱ्याचा उल्लेख मोजमापाच्या आणि ग्रेडिंगच्या, म्हणजे कार्ड तपासून त्याला श्रेणी देण्याच्या, संदर्भात येईल.

कायद्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. अमेरिकेतील १९७३ चा हॉबी प्रोटेक्शन कायदा नाण्यांच्या नकलांवर ‘कॉपी’ हा शब्द उमटवणे बंधनकारक करतो, आणि राजकीय प्रचाराच्या वस्तूंच्या नकलांवर निर्मितीचे वर्ष घालायला लावतो; क्रीडा-कार्डांचा त्यात समावेश नाही. त्यामुळे पुनर्मुद्रणाचा शिक्का नसणे हा कार्ड मूळ असल्याचा पुरावा ठरत नाही.

तपासणीपूर्वीची तयारी

दहापट मोठे दाखवणारे जवाहिऱ्याचे भिंग, मिलिमीटरच्या खुणा असलेली चांगली पट्टी, नोटा तपासण्यासाठी वापरतात तसला जांभळा अतिनील दिवा आणि एका बाजूने प्रकाश टाकता येईल असा टेबलावरचा दिवा एवढे साहित्य पुरेसे आहे. सोनाराच्या तराजूसारखा बारीक वजन दाखवणारा छोटा काटा मिळाला तर उत्तम, पण तो नसला तरी अडत नाही.

या सर्वांहून मोलाची वस्तू म्हणजे त्याच संचातील एक खात्रीचे, स्वस्त कार्ड. जुन्या संचांत प्रत्येक महान खेळाडूमागे डझनावारी असे खेळाडू असतात की ज्यांची नावे आज कुणाला आठवत नाहीत. त्यांची मळलेली, कोपरे गेलेली कार्डे प्रतिष्ठित विक्रेत्यांकडे शंभर डॉलरांच्या बरीच आत मिळतात. अशा कार्डाची नक्कल काढण्यात कुणाचा फायदा नसल्याने ते मूळ असण्याची शक्यता फार मोठी असते, आणि मूळ कार्डाच्या शाईची, कागदाची व कडांची ओळख ते जितकी चांगली करून देते तितकी कोणत्याही वर्णनाने होणार नाही. माझा आग्रह असा आहे, की ज्या संचातील महागडे कार्ड घ्यायचे मनात आहे, त्या संचातील असे एक साधे कार्ड आधी विकत घ्यावे, आठवडाभर भिंगाखाली पाहावे, आणि मगच पुढे जावे. नवखे संग्राहक हा खर्च टाळतात, आणि त्याच्या कितीतरी पट रक्कम पुढे नकलेवर घालवतात.

हात स्वच्छ व कोरडे असावेत. कार्ड वाकवून पाहणे, कोपरा सोलून थर पाहणे, पाण्याचा थेंब टाकून शाई तपासणे हे उपाय काही जुने लोक सांगतात. ते करू नयेत. कार्ड मूळ निघाले, तर ते तपासणाऱ्यानेच खराब केलेले असेल.

पहिली पायरी: संच निश्चित करावा

‘जुने कार्ड’ या शब्दांवरून तपासणी करता येत नाही. कोणत्या कंपनीचे, कोणत्या वर्षाचे, कोणत्या संचातले हे आधी ठरवावे लागते. जुन्या संचांची आज वापरात असलेली सांकेतिक नावे बव्हंशी जेफरसन बर्डिक या संग्राहकाने तयार केलेल्या सूचीतून आली आहेत. त्याने आपला प्रचंड संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिला. त्याच्या पद्धतीत ‘एन’ हे अक्षर एकोणिसाव्या शतकातील तंबाखू-कार्डांसाठी, ‘टी’ विसाव्या शतकातील तंबाखू-कार्डांसाठी येते.

नवख्याच्या समोर वारंवार येणारे संच मोजकेच आहेत. १८८६ ते १८९० च्या सुमाराची ओल्ड जज सिगारेटची कार्डे ही खरी छायाचित्रे असून पुठ्ठ्यावर चिकटवलेली आहेत. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने आपल्या सिगारेटच्या पाकिटांतून दिलेला टी-२०६ हा संच सर्वांत प्रसिद्ध. त्यात सुमारे ५२४ कार्डे धरली जातात, आणि मागच्या बाजूला पीडमाँट, स्वीट कॅपोरल, पोलर बेअर, सॉव्हरिन अशा १६ वेगवेगळ्या ब्रँडांच्या जाहिराती आढळतात. ‘हिंदू’ नावाचाही एक ब्रँड त्यांत आहे, आणि त्याच्या जाहिरातीची कार्डे संग्राहक आवर्जून शोधतात. १९१४ आणि १९१५ साली क्रॅकर जॅक या खाऊबरोबर कार्डे आली. १९३३ साली बॉस्टनच्या गाउडी गम कंपनीचा २४० क्रमांकांचा संच निघाला, ज्यात बेब रूथची चार कार्डे आहेत. युद्धानंतर बोमन आणि मग टॉप्स या च्युइंगगमच्या कंपन्यांनी हा बाजार व्यापला. १९५६ मध्ये टॉप्सने बोमनला विकत घेतले.

संच निश्चित झाला की त्याची यादी आणि त्याचा इतिहास वाचावा, कारण पुष्कळ दावे तिथेच गळून पडतात. उदाहरणार्थ, गाउडीच्या १९३३ च्या संचात १०६ क्रमांकाचे कार्ड मुळात पाकिटांतून दिलेच गेले नव्हते. नॅप लाजोई या खेळाडूचे ते कार्ड १९३४ साली छापले गेले आणि तक्रार करणाऱ्या ग्राहकांना टपालाने पाठवले गेले. हे कार्ड आमच्या आजोबांना १९३३ साली गमच्या पाकिटात मिळाले, असे कुणी सांगितले तर त्या कथेला आधार उरत नाही. वॅग्नरच्या टी-२०६ कार्डाच्या मागे पीडमाँट किंवा स्वीट कॅपोरल यांचीच जाहिरात आढळलेली आहे. दुसऱ्या ब्रँडची जाहिरात असलेला वॅग्नर पुढे आला तर भिंग काढायचीही गरज नाही.

दुसरी पायरी: मोजमाप

मोजमाप हा अर्ध्या मिनिटाचा उपाय आहे आणि तो सर्वांत जास्त नकला बाद करतो. टी-२०६ कार्ड साधारण १ ७/१६ बाय २ ५/८ इंच, म्हणजे सुमारे ३६.५ बाय ६६.७ मिलिमीटर असते. गाउडीचे १९३३ चे कार्ड २ ३/८ बाय २ ७/८ इंच, सुमारे ६०.३ बाय ७३ मिलिमीटर. टॉप्सचे १९५२ चे कार्ड २ ५/८ बाय ३ ३/४ इंच, सुमारे ६६.७ बाय ९५.३ मिलिमीटर. आज सर्वत्र दिसणारा अडीच बाय साडेतीन इंचांचा आकार टॉप्सने १९५७ पासून स्वीकारला. १९८३ चे अधिकृत पुनर्मुद्रण याच नंतरच्या आकारात आहे, म्हणून १९५२ चे मँटलचे कार्ड आजच्या कार्डाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात अगदी नेमके बसले तर ते १९५२ चे नाही.

जुन्या काळी कार्डांचे मोठे कागद यंत्राने कापले जात आणि त्यात थोडा कमी-जास्तपणा होई. टी-२०६ मध्ये अर्धा-पाऊण मिलिमीटरचा फरक आढळला तर घाबरण्याचे कारण नाही. त्याहून लक्षणीय लहान कार्ड दोन शंका निर्माण करते: एकतर ते पुनर्मुद्रण आहे, किंवा मूळ कार्डाची कडा कुणीतरी नंतर कापली आहे. अशा वेळी कडेची भिंगातून तुलना करावी. मूळ कडेवर वर्षानुवर्षांचा मळ आणि किंचित मऊपणा चारी बाजूंना सारखा असतो. नव्याने कापलेली बाजू उरलेल्या तिघींपेक्षा पांढरी आणि धारदार दिसते.

तिसरी पायरी: भिंगाखालची शाई

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्यावा. भिंग डोळ्याजवळ धरून कार्ड त्याच्याकडे आणावे आणि आधी चित्राकडे न पाहता अक्षरांकडे पाहावे. खेळाडूचे नाव, संघाचे नाव, छापील सही, चौकटीची रेघ या सगळ्या गोष्टी मूळ कार्डात सलग शाईने छापलेल्या असतात. अक्षराचा दांडा एकाच रंगाचा, भरीव, काठाशी स्वच्छ दिसतो. फार तर कागदाच्या खडबडीतपणामुळे काठ थोडा उसवलेला असतो. पुनर्मुद्रणात संपूर्ण कार्डाचे छायाचित्र चौरंगी छपाईच्या जाळीतून गेलेले असल्यामुळे तेच अक्षर निळ्या, गुलाबी, पिवळ्या व काळ्या ठिपक्यांचे बनलेले दिसते, आणि त्याची कड धूसर होते. एकदा हा फरक डोळ्यात बसला की पुन्हा विसरला जात नाही.

नवख्यांचा एक गोंधळ इथे होतो. ठिपके दिसले की ती नक्कल, असा नियम ते करून घेतात आणि चांगली मूळ कार्डे नाकारतात. १९५२ च्या टॉप्स कार्डांतील चेहरे रंगवलेल्या छायाचित्रांवरून छापलेले आहेत आणि मूळ कार्डातही ते ठिपक्यांच्या जाळीनेच छापले आहेत. टी-२०६ च्या चित्रांतही छटा दाखवण्यासाठी ठिपके आहेत. म्हणून ठिपके चित्रात आहेत का हे पाहण्याऐवजी ते अक्षरांत आणि रेघांत शिरले आहेत का, हे पाहावे.

टी-२०६ तपासताना खालच्या पांढऱ्या पट्टीवरील नाव पाहावे. ते तपकिरी शाईत, सलग छापलेले असते. नकलेत हा तपकिरी रंग अनेकदा ठिपके मिसळून साधलेला असतो, किंवा त्याच्या जागी काळा येतो. चित्राच्या भोवतीची बारीक काळी रेघही अखंड असायला हवी. वॅग्नरच्या कार्डावर शहराचे नाव पिट्सबर्ग असे असले तरी त्याच्या इंग्रजी लेखनात शेवटचे ‘एच’ हे अक्षर नाही. १८९१ ते १९११ या काळात त्या शहराच्या नावाचे सरकारी लेखन तसेच होते, त्यामुळे ती चूक मानू नये. उलट, ‘एच’ असलेले कार्ड नंतर कुणीतरी नव्याने अक्षरे जुळवून तयार केले आहे हे नक्की.

१९५२ च्या टॉप्ससाठी सर्वांत सोपी जागा म्हणजे नावाच्या चौकटीतील काळ्या शाईची छापील सही. मूळ कार्डात तिचे वळण लेखणीच्या रेघेसारखे भरीव दिसते. नकलेत तिच्या आत आणि भोवती जाळीचे ठिपके चढलेले असतात. ओल्ड जजच्या बाबतीत कसोटी उलटी आहे. ती खरी छायाचित्रे असल्याने चित्रात ठिपके मुळीच नसावेत, आणि एकही नियमित जाळी दिसली तर कार्ड बाद करावे.

घरगुती छपाईयंत्रावर काढलेल्या प्रती आणखी सहज कळतात. शाई फवारणाऱ्या यंत्राचे ठिपके अत्यंत बारीक, विस्कळीत आणि कागदात पसरलेले असतात. लेझर यंत्राच्या छपाईत अक्षरांच्या आसपास काळ्या भुकटीचे कण उडालेले दिसतात आणि शाई कागदात न मुरता वर बसल्यासारखी चमकते.

चौथी पायरी: झिजेचा खरेपणा

भिंग खाली ठेवण्यापूर्वी टेबलावरचा दिवा एका बाजूने, जवळजवळ आडवा लावावा आणि कार्ड हळूहळू फिरवावे. मूळ कार्डाला घडी पडली असेल तर तिथे पृष्ठभाग खरोखर तुटलेला असतो. आडव्या प्रकाशात त्या रेघेची सावली पडते, आणि बहुधा मागच्या बाजूलाही तिची खूण उमटते. पुनर्मुद्रण करताना घडी पडलेल्या कार्डाचे छायाचित्र वापरले असेल तर ती घडीही छापली जाते. रेघ डोळ्यांना दिसते, पण पृष्ठभाग सपाट, आणि पाठीमागे काहीच नाही. भिंगातून पाहिले तर ती रेघ ठिपक्यांचीच निघते. कोपऱ्याचा तुटकेपणा, मेणाचा डाग, गमचा पिवळट ओघळ, खडूची खूण या सर्वांना हीच परीक्षा लावावी. फसवणाऱ्यांच्या पुष्कळ प्रती या एकाच जागी सापडतात, कारण कार्ड जुने वाटावे म्हणून त्यांनी मुद्दाम झिजलेले मूळ कार्ड निवडलेले असते.

कृत्रिम झीज वेगळी ओळखावी लागते. चहा-कॉफीच्या पाण्यात बुडवलेला कागद सर्वत्र सारखाच तपकिरी होतो, आणि कडांच्या आतल्या बाजूलाही रंग मुरलेला असतो. खऱ्या जुन्या कार्डाचा पिवळेपणा असमान असतो आणि हाताळणीच्या जागी मळ अधिक असतो. चारही कोपरे एकाच मापाने गोल झालेले असतील, तर ते बोटांनी नव्हे, वाळूच्या कागदाने झिजवले आहेत असे समजावे. झीज आणि स्वच्छता यांचा मेळही पाहावा. क्रॅकर जॅकची १९१४ ची कार्डे खाऊच्या खोक्यातच मिळत असल्याने त्यांवर चिकट डाग सामान्यतः असतातच. १९१५ ची कार्डे कूपने पाठवून टपालानेही मिळवता येत, म्हणून त्या वर्षाची स्वच्छ कार्डे अधिक संख्येने उरली आहेत. १९१४ चे डागविरहित कार्ड अशक्य नाही, पण ते दाखवणाऱ्याकडे अधिक प्रश्न विचारावेत.

पाचवी पायरी: कागद आणि अतिनील दिवा

कार्ड आणि तुलनेचे स्वस्त कार्ड शेजारी ठेवून जाडी, ताठपणा, मागच्या बाजूचा रंग आणि तकाकी पाहावी. काटा असेल तर वजनही करावे. जुन्या पुठ्ठ्यात धागे आणि बारीक काळपट कण दिसतात, आणि मागची बाजू करडी किंवा मलईसारखी असते. नकलांची मागची बाजू अनेकदा शुभ्र असते आणि पुढच्या बाजूवर आजच्या मासिकांच्या मुखपृष्ठांवर असते तशी सर्वत्र एकसारखी तकाकी असते. टी-२०६ ला अशी तकाकी नसते. १९५२ च्या टॉप्सच्या पुढच्या बाजूला मात्र थोडी चमक मूळचीच आहे, म्हणून इथेही तुलनेच्या कार्डावरच भिस्त ठेवावी.

त्यानंतर खोली अंधारी करून दोन्ही कार्डांवर अतिनील प्रकाश टाकावा. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात घातली जाणारी उजळक रसायने या प्रकाशात निळसर पांढरी चमकतात, आणि त्यांचा कागद-उद्योगातील सर्रास वापर १९५० च्या सुमारास सुरू झाला. म्हणून टी-२०६, क्रॅकर जॅक किंवा गाउडी यांचे कार्ड या प्रकाशात शर्टाच्या कॉलरीसारखे लखलखले तर ते त्या काळचे नाही, असे मानायला हरकत नाही. याचे उलट मात्र खरे नाही. न चमकणारा कागद आजही मिळतो, आणि जुन्या पुस्तकांच्या कोऱ्या पानांवर छापलेल्या बनावटीही न चमकता सुटतात. म्हणजे चमक दिसली तर नकार द्यावा, आणि चमक नसली तर पुढील तपासणी चालू ठेवावी. काही वेळा धुण्याच्या साबणाच्या अंशामुळे मूळ कार्डाचा एखादा भाग चमकतो. असा ठिगळासारखा उजेड कार्ड धुतल्याची किंवा दुरुस्त केल्याची शंका निर्माण करतो, आणि तीही किंमत कमी करणारी गोष्ट आहे.

सहावी पायरी: मागची बाजू

बनावट करणारे पुढच्या बाजूवर कष्ट घेतात आणि मागची बाजू घाईने उरकतात, हा संग्राहकांचा सार्वत्रिक अनुभव आहे. टी-२०६ च्या मागे ब्रँडबरोबर कारखान्याचा क्रमांक आणि जिल्हा असतो, जसे व्हर्जिनियाच्या दुसऱ्या जिल्ह्यातील कारखाना क्रमांक २५ किंवा न्यूयॉर्कचा क्रमांक ३०. ही बारीक अक्षरे नकलेत भरून जातात आणि वाचता येत नाहीत. १९१५ च्या क्रॅकर जॅकची मागची बाजू पुढच्या बाजूच्या तुलनेत उलटी छापलेली आहे, तर १९१४ ची सुलटी. वर्ष आणि दिशा जुळत नसेल तर कार्ड बाद. १९५२ च्या टॉप्सच्या पहिल्या ८० क्रमांकांत मागची बाजू लाल आणि काळी अशा दोन्ही प्रकारांत आढळते, त्यामुळे त्यांच्यातला फरक पाहून गोंधळू नये.

पुनर्मुद्रण असल्याचे छापलेले शब्द खरवडून काढण्याचा उद्योगही होतो. मागच्या बाजूला, विशेषतः खालच्या कडेजवळ, एखादा आयताकृती भाग खरखरीत किंवा जास्त मळवलेला दिसला तर कार्ड प्रकाशासमोर धरून पाहावे. खरवडलेल्या जागी कागद पातळ झाल्याने उजेड अधिक येतो. संपूर्ण मागची बाजूच दुसऱ्या कागदाला चिकटलेली, फाटलेली किंवा कोरी असेल, तर विकणारा ‘वहीत चिकटवले होते’ असे सांगेल. वहीत चिकटवलेली खरी कार्डे पुष्कळ आहेत, हे मान्य करूनही नवख्याने अशा कार्डाला हात न लावणे श्रेयस्कर, कारण परीक्षेचा अर्धा पुरावाच त्याच्यापाशी नसतो.

सातवी पायरी: सोबतची कार्डे आणि सांगितलेला इतिहास

एखाद्या घराच्या आवरासावरीत सापडलेले खरे जुने खोके कसे असते? त्यात बहुतांश अनोळखी खेळाडू असतात, एकाच खेळाडूची दोन-तीन कार्डे असतात, क्रमांक तुटक असतात, आणि मोठे नाव एखादेच, तेही सर्वांत झिजलेले, कारण मुलांनी तेच सर्वांत जास्त हाताळलेले असते. याउलट खोक्यात वॅग्नर, टाय कॉब, बेब रूथ आणि मँटल एकत्र, सारख्याच अवस्थेत आणि सारख्याच वासाचे निघाले, तर ते पुनर्मुद्रणांचे पाकीट आहे.

दुर्मीळतेचा विचारही करावा. वॅग्नरने आपल्या कार्डाला परवानगी नाकारली आणि त्याची छपाई लवकर थांबली, असे मानले जाते. जगभरात त्याची साठच्या आसपासच कार्डे ज्ञात आहेत. १९५२ च्या टॉप्सचे शेवटचे, ३११ पासून पुढचे क्रमांक हंगाम संपता संपता आले आणि फारसे खपले नाहीत. उरलेला माल आपण १९६० साली पडावातून नेऊन अटलांटिक महासागरात टाकला, असे टॉप्सचे साय बर्गर यांनी सांगितले आहे. मँटलचे कार्ड ३११ क्रमांकाचे आहे. अशी कार्डे अनोळखी माणसाकडून, घाईने, बाजारभावाच्या दशांशाने मिळत नसतात.

ग्रेडिंग केलेली कार्डे आणि दुरून केलेली खरेदी

पीएसए ही संस्था १९९१ पासून कार्डे तपासून, त्यांना १ ते १० अशी श्रेणी देऊन प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीत घालते. एसजीसी आणि बेकेट या त्यानंतर आलेल्या संस्था. मोठ्या रकमेची खरेदी नवख्याने अशा डबीतल्या कार्डापुरतीच मर्यादित ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही डबीवर आंधळा विश्वास नको. बनावट डब्या आणि बनावट लेबलेही निघतात, म्हणून लेबलावरील क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर तपासावा, तिथे छायाचित्र उपलब्ध असेल तर कार्डाची छपाई किती मध्यभागी आहे, कोणता कोपरा झिजला आहे, डाग कुठे आहे हे प्रत्यक्ष कार्डाशी जुळवावे, आणि डबीची जोडरेषा उचकटून पुन्हा चिकटवल्याच्या खुणा नाहीत ना हे पाहावे.

संस्थांच्या निर्णयालाही मर्यादा आहेत, आणि त्याचे सर्वांत ठळक उदाहरण याच छंदाच्या शिखरावरचे आहे. पीएसएने पहिल्याच क्रमांकाखाली ८ श्रेणी दिलेले वॅग्नरचे कार्ड, जे पूर्वी आइस हॉकीपटू वेन ग्रेट्स्कीच्या मालकीचे होते, ते कडा कापून नीट केलेले होते. तशी कबुली लिलाव-व्यावसायिक बिल मॅस्ट्रो यांनी २०१३ साली न्यायालयात दिली. ते कार्ड मूळ आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्याची अवस्था मूळची नव्हती.

दुरून खरेदी करताना, आणि भारतातून मागवणाऱ्याला तर नेहमीच दुरून करावी लागते, विक्रेत्याकडून नेमकी छायाचित्रे मागावीत: पुढची आणि मागची बाजू सरळ वरून, पट्टी शेजारी ठेवून, आडव्या प्रकाशातला पृष्ठभाग, चारही कडा, आणि नावाच्या अक्षरांचे शक्य तितके जवळून काढलेले चित्र. प्रामाणिक विक्रेत्याला ही मागणी खटकत नाही. वर्णनात ‘मला यातले फारसे कळत नाही’, ‘जसे आहे तसे’, ‘मूळ असावे’ अशी वाक्ये असतील, किंवा छायाचित्र धूसर असूनही दुसरे द्यायला नकार मिळत असेल, तर तिथेच थांबावे. पैसे देण्यापूर्वी एक अट लेखी घ्यावी: कार्ड मूळ नसल्याचे ग्रेडिंग संस्थेने ठरवल्यास पूर्ण रक्कम परत मिळेल, आणि त्यासाठी संस्थेचा निकाल येईपर्यंतची मुदत असेल. संस्थेकडे पाठवलेले कार्ड परत यायला अनेक आठवडे लागू शकतात, म्हणून संकेतस्थळांची नेहमीची परतीची मुदत या कामी पुरत नाही, आणि ही स्वतंत्र अट विक्रेत्याकडून आधीच मान्य करून घ्यावी लागते.